पाणी वर चढतं तेव्हा

पोफळीच्या वीजघरात जिची उमेदीची वर्षं गेली, ती बाई कुठल्याही तळ्याकाठी गेली की आधी सांडवा शोधते. माझं तसंच आहे. लेक आणि जावई तैवानमध्ये शिन्चूला चिपच्या कारखान्यात नोकरीला आहेत. त्यांच्याकडे राहायला गेले तेव्हा ते मला सन मून लेकला घेऊन गेले. "आई, इथे तरी धरण-बिरण बघत बसू नकोस, डोंगर बघ," असं लेकीनं बसमध्येच बजावलं होतं. डोंगर बघितले. एकामागे एक उभे, सकाळी धुक्यात अर्धेअधिक बुडालेले, आणि पलीकडचा शुइशे डोंगर तर दोन हजार मीटरच्याही वर. पण धरणंही बघितली, कारण धरणं बघितल्याशिवाय हे तळं कळतच नाही.

तैवान बेटाच्या जवळजवळ मधोमध, नान्तो परगण्यात, समुद्रसपाटीपासून ७४८ मीटरवर हे तळं आहे. क्षेत्रफळ साधारण आठ चौरस किलोमीटर. आपल्या कोयनेच्या शिवसागरापुढे अगदीच पोर, पण तैवानमधलं सर्वांत मोठं. पूर्वेकडचा भाग सूर्यासारखा गोल, पश्चिमेकडचा चंद्रकोरीसारखा, म्हणून सन मून. दोन्हींच्या सांध्यावर लालू नावाचं चिमुकलं बेट. काठाने देवळं, विहार, एक उंच पगोडा, आणि उतारांवर चहाचे मळे. हे सगळं असं जिथल्या तिथे बसलेलं दिसतं की युगानुयुगं तसंच असावं असं वाटतं. प्रत्यक्षात यातलं फारच थोडं मूळच्या जागेवर आहे.

१८९५ ते १९४५ तैवानवर जपानचं राज्य होतं. उद्योगांसाठी वीज हवी म्हणून १९१९ मध्ये तैवान इलेक्ट्रिक पॉवर कंपनी निघाली आणि तिची नजर या तळ्यावर पडली. तळं तेव्हाही होतं, पण लहान आणि उथळ. झुओश्वी ही तैवानची सर्वांत लांब नदी, गाळानं कायम गढूळ. तिला वर डोंगरात वूजिए इथे बांध घालायचा, सुमारे १५ किलोमीटरच्या बोगद्यातून तिचं पाणी तळ्यात आणायचं, तळ्याच्या दोन खोलगट बाजूंना शुइशे आणि तोउशे इथे मातीची धरणं घालून पातळी वीसेक मीटरनं चढवायची, आणि तिथून ते पाणी तीनशेहून जास्त मीटर खाली वीजघरात सोडायचं, अशी योजना. सामान डोंगरापर्यंत न्यायला आधी एक रेल्वेच बांधावी लागली. तीच आजची जीजी रेल्वे. हल्ली तिच्या लाकडी स्टेशनांवर नवरानवरी लग्नाआधीचे फोटो काढतात.

मध्येच पैसे संपले आणि काम कित्येक वर्षं रखडलं. १९३१ मध्ये ते परत सुरू झालं, १९३४ मध्ये वीज आली, एक लाख किलोवॉट. त्या काळात ही खाऊची गोष्ट नव्हती. इकडे हे काम निघालं त्याच सुमाराला आपल्याकडे मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांचा सत्याग्रह चालू होता. धरण तिथेही झालं, इथेही झालं.

नोकरीतलं ज्ञान उगाळते म्हणून रागावू नका, पण पुढची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. या तळ्याचं पाणी नुसतं खाली जात नाही, ते वरही चढतं. विजेची एक अडचण अशी की ती मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवणं फार कठीण. पहाटे गाव झोपलेलं असतं, पण मोठी औष्णिक केंद्रं दिवा मालवल्यासारखी बंद करता येत नाहीत. मग त्या वेळची स्वस्त वीज वापरून खालच्या जलाशयातलं पाणी उपसून वर चढवायचं, आणि मागणी वाढली की तेच पाणी सोडून वीज घ्यायची. चार युनिटं घालावीत तेव्हा तीनेक परत मिळतात. व्यवहार तोट्याचा वाटतो, पण ऐन गरजेच्या वेळी मिळालेल्या तीन युनिटांची किंमत ज्याने लोडशेडिंग भोगलंय त्याला विचारा. सन मून लेक हा अशा दोन प्रकल्पांचा वरचा हौद आहे. १९८५ चा एक हजार मेगावॉटचा, आणि त्यानंतर नव्वदच्या दशकातला मिंगतानचा सोळाशे मेगावॉटचा. आपल्याकडे घाटघरला हेच तंत्र आहे, अडीचशे मेगावॉटचं. तैवानमध्ये सौर वीज वाढल्यापासून उन्हाच्या वेळीही पाणी चढवतात म्हणे, आणि ते पटण्यासारखं आहे.

त्यामुळे या तळ्याची पातळी सतत थोडी खालीवर होत असते. ती मोजायचं झकास साधन एका पायवाटेच्या टोकाला पाण्यात उभं आहे. एकावर एक बसवलेले नऊ ब्राँझचे बेडूक. तळं भरलं की सगळे पाण्याखाली, उतरू लागलं की वरून एकेक डोकं वर काढतो. आम्ही गेलो तेव्हा वरचे चार दिसत होते आणि पाचव्याच्या डोळ्यांपर्यंत पाणी होतं. भोवती पर्यटक फोटो काढत होते. मी पातळी वाचत होते. २०२१ मध्ये तैवानात पन्नासेक वर्षांतला सर्वांत मोठा दुष्काळ पडला, तेव्हा नऊच्या नऊ बेडूक कोरड्या भेगाळ जमिनीवर उघडे पडले होते. त्या वर्षी पाण्यासाठी चिपच्या कारखान्यांचेही धाबे दणाणले होते, असं जावई म्हणाले. त्यांना टँकरने पाणी आणावं लागलं होतं.

वीस मीटर पाणी चढलं म्हणजे काठावर कोण होतं, हे विचारायलाच हवं. कोयनेच्या माणसानं तर हवंच, आमच्या दिव्यांखाली कुणाची घरं आहेत ते आम्हाला माहीत आहे. इथे होते थाओ. तैवानच्या मूळ रहिवाशांपैकी ही सर्वांत लहान जमातींपैकी एक, आज जेमतेम आठशेच्या आसपास. पांढऱ्या हरणाचा पाठलाग करत त्यांचे पूर्वज डोंगर ओलांडून आले, हरणानं तळ्यात उडी घेतली, शिकारी काठावर थांबले, पाण्यात मासे भरपूर दिसले, आणि ते इथेच राहिले, अशी त्यांची कथा. पाणी चढवताना जपान्यांनी त्यांची वस्ती उठवून पलीकडच्या काठावर बसवली. तेच आजचं इता थाओ गाव.

लालू बेट त्यांचं देवस्थान. तिथल्या झाडात त्यांचा थोर पूर्वज-आत्मा राहतो आणि जमातीच्या पुजारिणींना तिथेच जाऊन त्याची मान्यता घ्यावी लागते. पाणी चढलं आणि होतं त्याचंही टिकलीएवढं बेट उरलं. त्यावर जपान्यांनी आपलं देऊळ बांधलं. ते गेल्यावर चिनी राष्ट्रवादी सरकारनं बेटाचं नाव बदललं आणि लग्नं जुळवणाऱ्या म्हाताऱ्या देवाला तिथे आणून बसवलं. २१ सप्टेंबर १९९९ च्या मध्यरात्रीनंतर, पावणेदोनच्या सुमारास जीजीजवळ भूकंप झाला. तैवानभर दोन हजार चारशेहून जास्त माणसं गेली. बेटाचाही बराच भाग खचला. त्यानंतर जुनं नाव परत आलं, म्हातारा देव काठावर हलवला गेला आणि बेटावर पाय ठेवायला पर्यटकांना बंदी झाली. आता होड्या नुसत्या भोवतीनं फिरतात. हे मला फार बरं वाटलं. सगळीकडे उतरून पाय लावलेच पाहिजेत असं नाही.

याच भूकंपात इता थाओतली घरंही पडली. शेह यिंग-चुन या वास्तुरचनाकारानं थाओंबरोबर बांबू आणि हलक्या पोलादी सांगाड्याची घरं उभारली, बांधणारे हात त्यांचेच. २००१ मध्ये सरकारनं त्यांना वेगळी जमात म्हणून मान्यता दिली. गावातल्या मुख्य गल्लीत आता खाण्याच्या गाड्या, मशरूम, राळ्याची दारू आणि चावी लावायची खेळणी असा बाजार आहे, तो मी भराभर ओलांडला. लक्षात राहिली ती वेताची टोपली. थाओंच्या घरोघरी अशी एक टोपली असते, तिच्यात पूर्वजांचे कपडे आणि दागिने ठेवलेले असतात, आणि सण आला की टोपल्या बाहेर मांडून पूर्वजांना जेवू घालतात. गाव उठलं, नावं बदलली, भाषा बोलणारे बोटांवर मोजण्याइतके उरले, पण टोपली उचलून नेता येते.

देवांनाही उठावं लागलं. उत्तर काठावरचं वेनवू हे इथलं सर्वांत भव्य देऊळ. काठालगतची दोन जुनी देवळं पाण्याखाली जाणार म्हणून दोन्हींचे देव एकत्र करून १९३८ मध्ये ते उंचावर बांधलं, आणि १९६९ नंतर वाढवलं. उजनीच्या पाण्यात गेलेलं पळसनाथाचं देऊळ उन्हाळ्यात बाहेर आलं की आपल्याकडे बघायला झुंबड उडते. इथे देव आधीच वर चढले. दारात दोन लालभडक दगडी सिंह, आत विद्येचा कन्फ्यूशियस आणि शस्त्रं धरणारे ग्वान यू व युए फेइ हे दोन सेनापती. सरस्वती आणि भवानी एका छताखाली, असं मी लेकीला म्हटलं. खाली तळ्यापासून देवळापर्यंत ३६६ पायऱ्यांचा जिना आहे, वर्षाच्या प्रत्येक तारखेला एक पायरी, लीप वर्षाच्या एकोणतीस फेब्रुवारीसकट. प्रत्येक जण आपापल्या वाढदिवसाची पायरी शोधतो. गुडघे दुखणाऱ्यांनी वरून उतरत शोधावी.

लग्न जुळवणारा तो बेटावरचा म्हातारा देव शेजारच्या लोंगफेंग देवळात राहायला आला आहे. तिथे एक गंमत बघितली. पंचविशीची एक मुलगी देवासमोर गुडघ्यावर बसली होती. हातात दोन लाल लाकडी फोडी, चंद्रकोरीच्या आकाराच्या, एक बाजू सपाट, दुसरी फुगीर. ओठांतल्या ओठांत नाव-गाव-जन्मतारीख सांगून तिने त्या जमिनीवर टाकल्या. दोन्ही सपाट बाजू वर करून पडल्या. याचा अर्थ देव हसला, प्रश्न नीट विचार. तिनं परत विचारलं. आता दोन्ही फुगीर वर. म्हणजे नाही. मोबाइलवर शूटिंग करणारी मैत्रीण खिदळली. तिसऱ्या वेळी एक सपाट, एक फुगीर. होकार! मग तिला देवापुढचा लाल दोरा उचलायची परवानगी मिळाली आणि तो तिनं पाकिटात जपून ठेवला. आमच्याकडे कोकणात देवाला कळे लावून कौल घेतात, उजवा पडला की काम झालं. गुरव असतो तो गाऱ्हाणं घालायला. इथे गुरवाचं काम मुलगी स्वतःच करत होती, एवढाच फरक.

दक्षिण काठावरचं देऊळ मात्र थेट आपल्या इतिहासात नेतं. तिथे युआन श्वांगची अस्थी आहे. जुन्या पाठ्यपुस्तकांतला ह्युएन त्संग तो हाच. सातव्या शतकात चीनमधून चालत भारतात आलेला, नालंदेत शिकलेला, आणि इसवी सन ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रातही येऊन गेलेला. त्याने लिहिलेला चालुक्य दुसऱ्या पुलकेशीच्या राज्याचा वृत्तान्त आपण शाळेत वाचतो. महाराष्ट्रातली माणसं मानी आहेत, उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत, हरलेल्या सेनापतीला शिक्षा न देता बायकी कपडे देतात, युद्धाआधी हत्तींनाही दारू पाजतात, आणि हर्षवर्धनालाही ही मंडळी दाद देत नाहीत, असं त्याचं म्हणणं. पूर्वेच्या डोंगरातल्या कोरीव विहारांचं त्याने केलेलं वर्णन अजिंठ्याचं मानतात.

अस्थीची गोष्ट वेगळीच. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, जपानी सैनिक नानजिंगमध्ये देऊळ बांधायला खणत होते, तेव्हा त्यांना युआन श्वांगच्या कवटीचा तुकडा असलेली दगडी पेटी सापडली. तिचे वाटे झाले. एक भाग जपानला गेला, त्यातला काही १९५५ मध्ये तैवानला मिळाला. आधी तो तळ्याकाठच्या श्वानग्वांग देवळात ठेवला, मग १९६५ मध्ये वर बांधलेल्या श्वानझांग देवळात. एक वाटा १९५७ मध्ये चीनने भारताला दिला, तो पाटण्यात आहे. आयुष्यभर चाललेल्या माणसाच्या अस्थींनाही कुणी एका जागी बसू दिलं नाही.

श्वानग्वांगच्या धक्क्यावर होडीतून उतरलेली गर्दी आधी देवळाकडे वळत नाही, अंड्यांच्या रांगेत उभी राहते. आसामी चहा आणि शिताके मशरूम यांच्या पाण्यात तासन् तास शिजवलेली अंडी. मी खात नाही. लेकीनं दोन खाल्ली आणि वास मात्र माझ्याही कपड्यांना लागला. शाकाहाऱ्यांनी घाबरू नये, बौद्ध खाणावळी इथे बऱ्याच आहेत, फक्त कांदा-लसूणही नसतो. वरच्या डोंगरावर तैवानचे तेव्हाचे अध्यक्ष चियांग काय-शेक यांनी आईच्या स्मरणार्थ १९७१ मध्ये बांधलेला छएन पगोडा आहे. डोंगर ९५४ मीटर आणि पगोडा ४६, म्हणजे शेंडा बरोबर हजारावर. हिशोबी मुलगा! वर चढलं तर दोन्ही भाग, सूर्य आणि चंद्र, खरोखर वेगळे दिसतात.

आता चहा. पुराणातली वांगी नाहीत, १९२५ मध्ये जपान्यांनी आसामातून चहाचं बी आणून या युची भागात लावलं. दमट हवा, उतार, धुकं, सगळं आसामी जातीला मानवलं. १९३६ मध्ये इथे काळ्या चहाचं संशोधन केंद्र निघालं. आराई कोकिचिरो हा जपानी तज्ज्ञ त्याचा कर्ताधर्ता. जपान हरल्यावरही तो थांबला आणि १९४६ मध्ये इथेच मलेरियानं गेला. स्थानिकांनी त्याचं स्मारक उभारलं, जेत्या-जितांच्या इतिहासात असं क्वचित घडतं.

पुढे काळ्या चहाचे भाव पडले आणि शेतकऱ्यांनी मळे काढून सुपारी लावली. सुपारी तैवानात पानाबरोबर ट्रकवाले चघळतात, त्यामुळे खप हमखास. रस्त्यानं जाताना चहाच्या ओळींमध्येच उंच सुपाऱ्या दिसल्या तेव्हा क्षणभर वाटलं, गुहागरच्या वाडीत कुणी चहा लावलाय. मग १९९९ आलं. त्याच वर्षी इथल्या केंद्रानं वर्षानुवर्षांच्या खटपटीतून काढलेलं १८ नंबरचं वाण जाहीर केलं, ब्रह्मदेशी मोठ्या पानाचा चहा आणि तैवानचा रानचहा यांचा संकर. नाव हाँगयू, म्हणजे माणिक. भूकंपानं उद्ध्वस्त झालेल्या भागाला नव्याने उभं राहायला काहीतरी पीक हवंच होतं, आणि ते हातात होतं.

१९५९ च्या एका जुन्या कारखान्यात आम्ही शिरलो. लाकडी जिन्याने वर गेलं की लांबच लांब रॅकवर पानं पसरलेली. अठरा तासांच्या आसपास ती अशी पडून राहतात, पाणी उडून मऊ होतात. मूठभर घेऊन आवळली तर मोडत नाहीत, आणि उघडल्यावर हळूहळू सुटतात. मग खाली रोलरमध्ये पिळली जातात, रस बाहेर येतो, हवेशी संयोग होऊन पान तांबूस पडतं, आणि योग्य क्षणी गरम हवेनं ते थांबवतात. यातलं सगळं कौशल्य 'योग्य क्षण' ओळखण्यात. तिथल्या बाईनं नाक खुपसून वास घेतला, मान हलवली, "अजून नाही" असा हातानं इशारा केला आणि निघून गेली. मोजायला यंत्रं होती, तिनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

भारतातून आले असं कळल्यावर तिचा चेहरा उजळला. "आसाम?" चिपळूण आणि आसाम यांतलं अंतर लेकीनं मोबाइलवरच्या नकाशात दाखवलं तेव्हा ती खूप हसली, आणि तरीही आसामची पाहुणी म्हणूनच तिनं मला कप भरून दिला. रंग गडद माणकासारखा, चवीला पुदिन्याची झुळूक आणि शेवटी दालचिनी. काहीही न घालता. खोटं कशाला बोलू, असा चहा मी आधी प्याले नव्हते.

दोन डबे घेतले. चिपळूणला पोचल्यावर जाऊबाईंनी त्यातला एक नेहमीच्या पातेल्यात आलं, दूध, साखर घालून चांगला खळखळून उकळला आणि "फिका आहे गं" म्हणाल्या. तेव्हा जाणाऱ्यांसाठी एवढंच. १८ नंबरला दूध लावू नका, नुसतं उकळतं पाणी ओतून झाकून ठेवा. दुधाचाच हवा असेल तर तिथेच ८ नंबर मागा. तो आसामच्या मूळ बियाण्यातून निवडलेला आहे, त्याला दूध चालतं, आणि आलंही चालतं.